खोलीत कोंडून घेतलेला कर्णधार

31 मार्च 1997. बार्बाडोसची कसोटी जिंकायला भारताला अवघ्या 120 धावा हव्या होत्या. आदल्या रात्री जेवताना तिथला वेटर म्हणाला होता, उद्या अँब्रोज तुमची दाणादाण उडवणार. सचिन तेंडुलकरने त्याला शॅम्पेनची बाटली थंड करून ठेवायला सांगितली. जिंकल्यावर तो ती उघडणार होता.

सारा संघ 81 धावांत गारद झाला. लक्ष्मणच्या 19 सोडल्या तर एकालाही दोन आकडी धावा जमल्या नाहीत. कर्णधाराच्या स्वतःच्या होत्या चार. पहिल्या डावात त्याने 92 काढल्या होत्या, पण त्या संध्याकाळी ते कोणाला आठवणार? पुढचे दोन दिवस सचिनने स्वतःला खोलीत कोंडून घेतले.

त्याच दौऱ्यात सेंट व्हिन्सेंटला एक दिवसाचा सामना हातातोंडाशी येऊन निसटला, तेव्हा त्याचा तोल गेला. ड्रेसिंग रूममध्ये तो सगळ्यांना बोलला. संध्याकाळी अनिल कुंबळे आणि श्रीनाथ त्याच्या खोलीवर आले. तू सगळा दोष स्वतःवर घेतोस, अशाने आजारी पडशील, असे श्रीनाथने त्याला बजावले. सचिनची व्यथा वेगळीच होती. तो स्वतः जीव तोडून खेळतच होता. त्यापलीकडे संघाला उभारी द्यायला काय करावे, हेच त्याला उमगत नव्हते. ही हतबलता त्याने पत्नी अंजलीजवळ बोलून दाखवली. खेळच सोडावा, असेही त्याच्या मनात येऊन गेले. हे सारे त्याने 2014 साली आपल्या आत्मचरित्रात लपवाछपवी न करता सांगितले आहे.

सगळे घर एकहाती ओढणाऱ्या गृहिणीला ही घुसमट नवी नाही. आपल्याला जमते ते इतरांना का जमू नये, हा प्रश्न कर्तबगार माणसाला फार छळतो. पण स्वतः राबणे निराळे आणि दुसऱ्याकडून काम करवून घेणे निराळे.

दोन वेळा मिळून सचिनने 25 कसोटींत नेतृत्व केले. चार जिंकल्या, नऊ गमावल्या. 2000 साली त्याने आपणहून कर्णधारपद सोडले.

2007 मध्ये राहुल द्रविड पायउतार होऊ लागला, तेव्हा क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष शरद पवार यांनी पुन्हा सचिनलाच विचारले. त्याने नकार दिला आणि महेंद्रसिंग धोनीचे नाव सुचवले. हे नाव काही हवेतून आले नव्हते. सचिन पहिल्या स्लिपमध्ये, धोनी शेजारी यष्टींमागे. क्षेत्ररक्षण कसे लावावे, यावर दोघांचे बोलणे चालायचे. त्या गप्पांतून या पोराला सामना वाचता येतो, हे सचिनने हेरले होते.

त्यानंतर कर्णधार झाला तो धोनी. सचिन मात्र अनेक सामने पहिल्या स्लिपमध्येच उभा राहिला. षटक संपले की शेजारच्या कर्णधाराशी दोन शब्द बोलायचा.