वाफ उडते, नायट्रेट राहतं

“पोरगी जास्त दाना टाकत असन भाऊ, दुसरं काही नाही.” नागपूरच्या एका दुकानदाराने मोबाइलवर फोटो पाहून दिलेला हा निकाल मला अजून सलतो. फोटोत माझा टँक होता, आणि दगडांवर बोटभर लांब, केसांसारखं हिरवं शेवाळ.

कामठीत खाऱ्या पाण्याचा टँक ठेवायचा म्हणजे समुद्र घरीच बनवायचा. आरओचं पाणी, त्यात समुद्री मीठ, घनता 1.025. टँक दोनशे लिटरचा, त्यात हॅचरीत वाढलेली क्लाउनफिशची जोडी. खडक वाळवलेले चुनखडीचे. जिवंत प्रवाळ मी ठेवत नाही, कुणी ठेवूही नये. खडक बांधणारे प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. टँकचं पाणी मात्र सत्तावीस-अठ्ठावीस अंशांवर राहायला हवं. चिलर परवडत नाही, म्हणून पाण्यावर पंखे लावले. पंख्याने पाणी थंड होतं ते बाष्पीभवनामुळे, आणि रोज पाचेक लिटर पाणी उडून जातं. तेवढंच आरओचं पाणी मी रोज वरून घालायचो.

त्याच महिन्यात शाळेला सुट्ट्या लागतात. लेक दिवसभर घरी. माशांना दाणा घालायचं काम तिने हौसेने मागून घेतलं होतं आणि ती मोजून चिमूटभरच घालायची. तरी शेवाळ आलं तेव्हाच ती घरी होती, एवढ्या योगायोगावर तिला दोषी ठरवलं गेलं. दुकानदाराने शेवाळ मारायची बाटली दिली. शेवाळ मेलं, पाण्यात कुजलं आणि त्याने शोषलेलं सगळं पुन्हा पाण्यात उतरलं. आठवड्यात ते परत उगवलं, आधीपेक्षा दाट. मग दुसरी बाटली, आणि सोबत तेच वाक्य. एकदा तर तिच्यासमोरच फोन स्पीकरवर होता. त्या दिवसापासून तिने दाण्याच्या डबीला हात लावला नाही. बाटल्यांचे पैसे गेले त्याचं काही नाही. पाण्याचा एक थेंबही न तपासता एका लेकराला दोषी ठरवलं, याचा राग मात्र जात नाही.

कारण सापडलं ते टीडीएस मीटरमुळे. आरओच्या नळाचं पाणी मोजलं, तर जिथे दहा-पंधरा यायला हवं तिथे शंभरच्या वर आकडा. घरगुती आरओत बहुधा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तो उघडला की न गाळलेलं पाणी गाळलेल्या पाण्यात मिसळतं. सर्व्हिसला आलेल्या मुलाने तो न विचारता उघडून ठेवला होता. “पानी गोड लागलं पाहिजे ना काका, म्हणून खोलून देलं,” तो म्हणाला.

मग नायट्रेट तपासलं. आरओत येणाऱ्या बोअरच्या पाण्यात लिटरला ऐंशी मिलिग्रॅम, आरओच्या मिश्र पाण्यात वीस. पाच लिटरमधून रोज शंभर मिलिग्रॅम टँकमध्ये. वाफ उडते ती निव्वळ पाण्याची. नायट्रेट तिथेच राहतं. दोनशे लिटरच्या टँकमध्ये लिटरमागे रोज अर्ध्या मिलिग्रॅमची भर, दोन महिन्यांत तीस. शेवाळ फोफावायला एवढं पुरे.

टँकसाठी वेगळा फिल्टर बसवला, त्याला शेवटी उरलेसुरले क्षार शोषणारी डीआय रेझिनची नळी जोडली आणि मीटर शून्यावर आला. टँकला जोडलेल्या खालच्या टाकीत दिव्याखाली कीटोमॉर्फा नावाचं समुद्री शेवाळ वाढवलं. ते पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट खातं, मग मूठभर उपटून फेकायचं. ज्याचा मला तिटकारा आला होता, त्याच्याच जातभाईला मी रोज दिवा लावतो! फॉस्फेट शोषणारे दाणेही लावले. फॉस्फेट शून्य दिसायला लागलं, मला वाटलं जिंकलो, आणि दगडांवर बुडबुडे धरलेली तपकिरी, शेंबडासारखी साय चढली. ते डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म जीव. बाकीच्यांची उपासमार झाली की यांचं फावतं. उपाय काय, तर शोषणारे दाणे काढा आणि खाणं वाढवा. तेव्हापासून मी दाणा जास्त घालतो, आणि शून्य हा आकडा मला आवडेनासा झालाय.

लेकीला मी आकडे दाखवले, हिशेब समजावला. तिने ऐकून घेतलं. पण ती आता त्या बाजूला फिरकत नाही. मीही आग्रह करत नाही.

टँक आता ठीक आहे. माझं डोकं मात्र बोअरच्या त्या ऐंशीवर अडकलंय. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. सहा महिन्यांच्या आतल्या, वरच्या दुधावरच्या बाळाला जास्त नायट्रेट फार घातक. रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होते, बाळ निळं पडतं. आणि आपल्याकडे पाणी शुद्ध करायचं म्हणजे उकळायचं. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटतं तसं ते उलट वाढतं, माझ्या टँकमध्ये झालं तसंच. ज्यांच्या घरी तान्हं बाळ आहे आणि बोअरचं पाणी आहे, त्यांनी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत ते तपासून घ्यावं, आणि अहवाल येईपर्यंत बाळाचं दूध त्या पाण्यात कालवू नये.