मुखलेपाची माती

बॉनच्या हिवाळ्यात तापविलेल्या घरांमुळे त्वचा कोरडी पडते. त्यात मुंबईहून आलेल्या मुलतानी मातीने आमच्या कन्येच्या गालांची आग होऊ लागली, तेव्हा येथील मुखलेपांचे घटक आम्ही ताडून पाहिले. युरोपीय नियमानुसार ते वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. १ टक्क्याहून कमी असलेले त्यास अपवाद. पांढरे ‘केओलिन’ तेल बेताने शोषते; ‘बेंटोनाइट’ पाण्याने फुगते व अधिक शोषते. मुलतानी माती याचीच नातलग. १९१८ पासूनच्या ‘लुव्होस’च्या भुकटीत केवळ ‘लोएस’, म्हणजे वाऱ्याने साचलेली माती. तीत बारीक वाळू व चुनाही असतो. मृत समुद्राच्या चिखलात क्षार विपुल. वाचकभगिनींनी मातीच्या रंगास न भुलता यादी वाचावी, आणि कोरड्या त्वचेवरील लेप सुकून ताणण्यापूर्वीच धुवावा.