लांब स्ट्रोकचा जोर कुठून येतो?

मुलाला पुढे शिकवायचं की उस्तादाच्या हाताखाली द्यायचं, हा प्रश्न आपल्यापैकी बऱ्याच घरांत येतो. यंदा तो आमच्या आपाच्या घरी आला. भाच्याचं आयटीआयला मोटार मेकॅनिकचं एक वर्ष झालंय, एक उरलंय. दुल्हाभाईंच्या इंतकालानंतर घर आपाच्या शिलाई मशीनवर चालतं, आणि पुसदचे एक गॅरेजवाले उस्ताद पोराला रोजाने ठेवायला तयार आहेत. त्याचं म्हणणं, "खाला, गाडी हाताने शिकायची असते. वहीत काय ठेवलंय?"

मी म्हटलं, वही आण. विषय त्यानेच दिला: बुलेटचा स्ट्रोक लांब, म्हणून जोर जास्त, असं उस्ताद सांगतात.

पिस्टन सिलिंडरमध्ये वरून खाली जेवढा जातो तो स्ट्रोक, सिलिंडरची आतली रुंदी म्हणजे बोअर. मागच्या पिढीच्या 350 बुलेटचा बोअर 70 मिलिमीटर, स्ट्रोक 90. चाकणला बनणाऱ्या पहिल्या ड्यूक 390 चा बोअर 89, स्ट्रोक 60. क्रँकचा हात स्ट्रोकच्या निम्मा असतो, म्हणजे बुलेटचा 45, ड्यूकचा 30. लांब पान्याने घट्ट नट सुटतो, तसा हा उस्तादांचा हिशेब.

पण पिस्टनचा माथाही मोजायला हवा. बुलेटचा साडेअडतीस चौरस सेंटिमीटर, ड्यूकचा बासष्ट. स्फोटाचा दाब सारखा धरला तर मोठ्या माथ्यावर ढकल जास्त. गुणाकार करा, हातात कमावलेलं माथ्यात जातं. उरतात फक्त सीसी: 346 आणि 373. प्रत्यक्षात ड्यूकचा टॉर्क सुमारे 35 न्यूटन मीटर, बुलेटचा 28. एवढा फरक नुसत्या सीसीचा नाही, त्यात जास्त कॉम्प्रेशन आणि चार व्हॉल्व्हचाही वाटा आहे. पण लांब स्ट्रोकवाली मागे राहिली, हे खरं.

पोरगा गप्प झाला. मग म्हणाला, "तरी घाटात बुलेटच ओढते."

बरोबर आहे त्याचं. बुलेटला तिचे 28 चार हजार आरपीएमला मिळतात, ड्यूकला 35 साठी सात हजारांपर्यंत जावं लागतं. खरी गोष्ट श्वासाची आहे. उभी बरणी आणि पसरट पातेलं, दोन्हींत तांदूळ तेवढेच मावतात, पण झाकण पातेल्याचं मोठं. व्हॉल्व्ह त्या झाकणातच बसवायचे असतात. अरुंद बोअरमध्ये ते लहान बसतात. इंजिन हळू फिरत असतानाही हवा त्या चिंचोळ्या वाटेने वेगाने आत शिरते, पेट्रोलमध्ये नीट मिसळते, सिलिंडर भरून येतो. फेरे वाढले की तीच वाट अपुरी पडून इंजिनाला धाप लागते. व्हॉल्व्ह कधी उघडायचे ते ठरवणारा कॅमही त्याच बेताचा असतो. बुलेटचं जड फ्लायव्हील मदतीला असतं, ते वेगळंच.

लांब स्ट्रोकला पळवताही येत नाही. 9000 आरपीएमला 60 मिलिमीटर स्ट्रोकचा पिस्टन सरासरी सेकंदाला 18 मीटर धावतो, 90 चा 27 मीटर धावेल. एवढं सोसायला लोखंडही वेगळं लागेल! आमच्या अब्बांच्या विहिरीवर किर्लोस्करचं पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन होतं. स्ट्रोक 110, आरपीएम 1500, पिस्टनचा वेग जेमतेम साडेपाच मीटर. रब्बीत रात्रभर डुगडुगायचं. त्या आवाजाशिवाय आम्हा भावंडांना झोप लागत नसे.

दुसऱ्या दिवशी भाचा वही घेऊन गॅरेजात गेला. मला धाकधूक होती, उस्तादांना राग आला तर? त्यांनी बोअर करायला आलेला एक सिलिंडर पुढे ठेवला आणि विचारलं, "अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन टाकला तर किती सीसी वाढेल?"

पोराने मोबाइल न काढता हिशेब केला. पाच.

"पाच सीसी? म्हणजे चहाचा एक चमचा!" उस्ताद हसले. मग आपाला निरोप आला: दुसरं वर्ष पूर्ण करू द्या, चारनंतर इकडे पाठवा, रोजाचं बघून घेऊ.