दर साल दर शेकडा

शाळेत गणिताच्या पुस्तकात "द.सा.द.शे. १२ दराने" असं छापलेलं असायचं. आम्ही ते एका दमात "दसादशे" असं वाचायचो आणि पुढे जायचो. त्याचा अर्थ दर साल दर शेकडा, म्हणजे दर वर्षाला प्रत्येक शंभरामागे, हे सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं असणार. पण त्या चार अक्षरांत किती शहाणपण आहे हे कळायला मला पीएच.डी. करून, जर्मनीत नोकरीला लागून, वर एका मुलीची माफी मागावी लागली.

तर झालं असं. आमच्या प्रयोगशाळेत सौर पॅनेलची परीक्षा घेतात. पॅनेल एका कपाटात ठेवायचं, आत ८५ अंश सेल्सिअस तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता, आणि मुक्काम १००० तास. मे महिन्यातली मुंबई चुलीवर उकळत ठेवली तर कसं होईल, तसं. सहा आठवड्यांनी बाहेर काढून बघायचं, वीज देण्याची क्षमता किती टक्क्यांनी घटली. ५ टक्क्यांपर्यंत घट चालते, त्यापुढे नापास.

मोजमापं जो तो आपापल्या एक्सेलमध्ये लिहायचा, आणि ती सगळी एका डेटाबेसमध्ये आणायचं काम माझ्याकडे. आता एक्सेलची गंमत अशी, की एखाद्या खान्याला टक्क्यांचं रूप दिलं तर आपल्याला दिसतं ४.२%, पण आत साठवलेला आकडा असतो ०.०४२. टक्क्याचं चिन्ह हा नुसता वरून घातलेला सदरा. शेजारच्या माणसाने साध्या खान्यात ४.२ लिहिलं, तर आतही ४.२ च. दोघांचं म्हणणं एकच, पण डेटाबेसच्या लेखी एक दुसऱ्याच्या शंभरपट. त्यात जर्मन माणूस दशांशाला टिंब न देता स्वल्पविराम देतो. माझ्या हाताला टिंबाची सवय. जर्मन एक्सेलमध्ये १.५ लिहिलं की तो त्याची १ मे ही तारीख करून टाकतो. पहिल्या वर्षी मी असे बरेच महाराष्ट्र दिन साजरे केले.

असो. या दोन प्रकारच्या आकड्यांवर मी एक हुशारीचा उपाय काढला. आकडा १ पेक्षा मोठा असेल तर त्याला १०० ने भागायचं, नसेल तर तसाच ठेवायचा. ४.२ चे झाले ०.०४२, आणि ०.०४२ तसेच राहिले. दोन ओळींचा प्रोग्राम! आमच्या बहुतेक पॅनेलची घट दोन-तीन टक्क्यांची असायची, त्यामुळे नियम वर्षभर बिनबोभाट चालला. मी स्वतःवर खूष होतो.

मग आमच्याकडे पीएच.डी. करणाऱ्या एका तुर्की मुलीचे नमुने आले. पॅनेलच्या आत ओल शिरू नये म्हणून तिने नवा थर वापरला होता. माझ्या अहवालात आकडे नसायचे, फक्त हिरवा आणि लाल रंग. तिचे १२ पैकी ९ नमुने लाल. साप्ताहिक बैठकीत मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तुझ्या जोडणीत काहीतरी चुकतंय, एकदा नीट बघ." ती काही बोलली नाही. तीन आठवडे तिने सगळी जोडणी उकलून पुन्हा केली. संध्याकाळी मी घरी निघायचो तेव्हा तिच्या खोलीत दिवा असायचा.

चौथ्या आठवड्यात ती एक कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आली. "मी हातानेच हिशेब केलाय, तू बघशील का?" कागदावर लिहिलं होतं: आधी २५० वॅट, नंतर २४८. म्हणजे घट ०.८ टक्के. फारच उत्तम! साध्या खान्यात तिने ०.८ लिहिले होते. १ पेक्षा लहान, म्हणून माझ्या नियमाने ते तसेच ठेवले आणि वाचले ८० टक्के! बरोबर १ टक्का घटलेलं पॅनेल तर पार मेलेलंच निघालं असतं. जे नमुने सगळ्यांत चांगले, नेमके तेच मी नापास केले होते.

पुढच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर चूक सांगितली आणि तिची माफी मागितली. ती "होतं असं" म्हणाली. तिचे तीन आठवडे काही परत आले नाहीत.

त्या रविवारी फोनवर बाबांना हे सांगितलं. बाबांची उभी हयात पतसंस्थेत हिशेब लिहिण्यात गेलेली. त्यांनी शांतपणे विचारलं, "अरे, पण रकान्याच्या डोक्यावर काय लिहिलं होतं?"

"घट."

"नुसतंच घट? आमच्याकडे नुसता आकडा कुणी लिहिला तर मी खतावणी परत पाठवायचो. सावकाराचं शेकडा तीन म्हणजे महिन्याचे तीन, वर्षाचे छत्तीस. आणि संस्थेचे बारा म्हणजे वर्षाचे बारा. कागदावर तीन लहान दिसतात म्हणून माणसं फसतात. द.सा.द.शे. उगाच लिहितात होय?"

मी काय बोलणार!

सोमवारी तो दोन ओळींचा नियम काढून टाकला. जुन्या नोंदी दुरुस्त करताना कळलं, की नुसत्या ०.८ कडे बघून तो पाऊण टक्क्याच्या आसपासचा आहे की ऐंशी टक्के, हे कुठलाही प्रोग्राम सांगू शकत नाही. ते फक्त लिहिणाऱ्याला माहीत असतं. प्रत्येकाकडे जाऊन मूळ कागद शोधावे लागले. आता डेटाबेसमध्ये टक्के कुणी भरतच नाही. आधीचे वॅट आणि नंतरचे वॅट भरायचे, म्हणजे आपलं १०० पैकी ३५ सारखं. टक्के काढायचं काम यंत्राचं, आणि चिन्ह लागतं ते पडद्यावर दाखवताना. त्या रकान्याच्या नावातही 'प्रोत्सेंट' हा शब्द घातलाय. त्याचा मूळ अर्थही शंभरामागे असाच आहे.

अहवालात लाल-हिरव्याच्या शेजारी आकडाही छापायला लागलो आहे. तो आधीपासून छापला असता, तर ८० टक्के घट बघून मी स्वतःच दचकलो असतो.