तिथीची पाऊणपट

वडखळ नाक्यावरून अलिबागची वाट धरली की थोड्याच वेळात धरमतरची खाडी लागते. या पट्ट्यातली भातशेती खारबंदिस्तीच्या, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या बांधांच्या, आडोशाने उभी आहे. पाणी कधी चढणार, हे इथे शेतकऱ्यालाही ठाऊक हवं आणि कोळ्यालाही. त्यासाठी कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा.

याला गणित म्हणायचं का?

ब्राझीलचे गणितज्ञ उबिरातान द'आंब्रोसिओ यांनी १९८४ साली ॲडलेडच्या गणितशिक्षण परिषदेत लोकगणिताची बाजू मांडली, तेव्हापासून हा वाद चालू आहे. विणकर, सुतार, नाखवा यांचं मोजमापही गणितच, असं एक बाजू म्हणते. गणिताला गाव नसतं, असं दुसरी.

पाऊणपटीचा हिशेब उलगडून पाहण्यासारखा आहे. भरती तिथीमागे सुमारे ४८ मिनिटं पुढे सरकते. हिशेब ४५ धरतो. तीन-तीन मिनिटं साचून पौर्णिमेला पाऊण तासाचा फरक पडतो: पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, भरती मात्र बाराच्या आसपास. पण लगेच प्रतिपदा येते, मोजणी पुन्हा एकापासून सुरू होते, उत्तर पावणेएक येतं आणि साचलेली चूक पुसली जाते. शिवाय खाडीत आतवर पाणी पोचायला जास्त वेळ लागतो, तो ज्याने त्याने आपल्या बंदरापुरता धरायचा. पाऊणकी पाठ असलेल्या माणसाला चालता चालता जमावं इतकं हे सोपं आहे. चूक किती चालेल हे ओळखून केलेली ही आकडेमोड अस्सल गणित आहे.

मात्र ती आपली आहे म्हणून खरी ठरत नाही. 'वैदिक गणित' हे पुस्तक १९६५ साली आलं. त्यातली सूत्रं वेदांत सापडत नाहीत, हे एस. जी. दाणी यांच्यासारख्या गणितज्ञांनी स्पष्ट सांगितलं; तरी अभिमानापोटी ते नाव टिकून आहे. पाऊणपटीला अशा अभिमानाची गरज नाही. ती रोज पाण्याशी ताडून पाहता येते. भरती का येते हे मात्र ती सांगत नाही. त्यासाठी चंद्राचं गुरुत्वाकर्षणच शिकावं लागतं, आणि ते ब्राझीलमधल्या रेसिफेत आणि अलिबागजवळच्या रेवसला एकच आहे.

पेण-अलिबागच्या शिक्षकांनी एकदा पंचांग आणि भारतीय सर्वेक्षण विभागाचं भरतीचं वेळापत्रक वर्गात शेजारी ठेवावं, आणि महिनाभराचा फरक मुलांकडून मांडून घ्यावा.