हरिपूरच्या वाटेवर

कार्तिकी पौर्णिमा उलटली, चातुर्मासाचे प्रवासबंधन सुटले आणि त्याच आठवड्यात रक्ततपासणीच्या कागदाने माझ्यावर दुसरे बंधन घातले. साखर वाढली होती. डॉक्टर म्हणाले, ‘‘औषध मी देतो; चालायचे, आणि झेपेल तसे धावायचे, ते मात्र तुम्हीच.’’ पन्नाशी ओलांडलेल्या आणि अर्धे आयुष्य अडतीच्या गादीवर बसून काढलेल्या माणसाला हे ऐकून हसूच आले. पण मुलाने संध्याकाळी बूट आणून दाराशी ठेवले. पैसे देऊन आणलेली वस्तू वापराविना पडू द्यावी, हे आपल्या घरांत कोणाला जमले आहे?

मार्गशीर्षात हळदपेठ तशी निवांत असते. नवी हळद निघायला माघ-फाल्गुन उजाडतो. त्यामुळे पहाटे साडेपाचला निघून दुकान उघडण्यापूर्वी परतणे अवघड नव्हते. अडचण होती ती पाण्याची. सूर्योदयापूर्वी पाणीही घ्यायचे नाही हा घरचा नेम. कोरड्या घशाने धावताना पहिले चार दिवस जीव मेटाकुटीला आला. डॉक्टरांना विचारून वेळ अर्ध्या तासाने पुढे ढकलली आणि परतल्यावर तांब्याभर कोमट पाणी पिण्याची सवय लावून घेतली.

वाट एकच ठरलेली. वखारभागातून निघायचे आणि कृष्णेच्या कडेने हरिपूर रस्ता धरायचा. नदीवर धुके असे उतरलेले असे, की आयर्विन पुलाच्या कमानी पाण्यावर नव्हे, धुक्यावरच उभ्या आहेत असे वाटे. पहिल्या आठवड्यात मी दोन विजेचे खांब धावे आणि चार खांब चाले. दुसऱ्या आठवड्यात हे प्रमाण उलटले. रोज संध्याकाळी, दिवस मावळण्याआधीच्या जेवणाला बसताना, अण्णा विचारीत, ‘‘आज कुठवर गेलास?’’

‘‘बागेतल्या गणपतीपर्यंत.’’

अण्णा मान हलवीत आणि भाकरी मोडीत. वडिलांचे वय ब्याऐंशी. त्यांनी ‘पुढे का नाही गेलास?’ असे कधी विचारले नाही आणि मीही कधी सांगितले नाही. पुढे हरिपूर लागते, हे दोघांनाही ठाऊक होते.

धावण्याने पायांना चाळा लागला, तसे रविवारही घरात बसून निघेनात. एका रविवारी दंडोबाच्या डोंगरावर गेलो. कातळात कोरलेल्या देवालयातील गारवा अंगावर घेऊन उतरलो. दुसऱ्या रविवारी सागरेश्वर. हे अरण्य माणसांनी लावून वाढवलेले आहे, हे नातवाला सांगूनही पटेना; चितळांचा कळप दिसल्यावर तर मुळीच नाही. तिसऱ्या रविवारी सारे कुटुंब खिद्रापूरला गेले. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात उभे राहून वर पाहिले, की छताच्या जागी आकाशाचा गोल दिसतो आणि बोलणे आपोआप थांबते. आदिनाथांच्या मंदिरात दर्शन घेतले. मला मात्र शके ११३६ च्या शिलालेखाने अधिक वेळ धरून ठेवले. यादव राजा सिंघणाने दिलेल्या दानाची ती नोंद. कागदाची वही वाळवी खाते, पुरात भिजते. दगडावरचे खाते आठशे वर्षे उभे आहे. परतीच्या वाटेवर हे अण्णांजवळ बोललो. ते खिडकीतून बाहेर पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी बागेतल्या गणपतीपाशी पाय थांबले नाहीत. मी हरिपुरात शिरलो.

हरिपूर म्हणजे कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचे देऊळ, नाटककार देवलांचे गाव. हळदीच्या व्यापाऱ्याला मात्र हरिपूर म्हटले की आधी पेव आठवते. तोंड अरुंद, पोट रुंद, असा जमिनीत खणलेला रांजणच तो. इथल्या मातीचा गुण असा, की तळाशी आणि कडेने पाचट लावून भरलेली हळद वर्षानुवर्षे राही. तिला ना कीड लागे, ना ओल. पेव उघडले की आतली कोंडलेली हवा जाऊ द्यायची, कंदील सोडून तो विझत नाही ना हे पाहायचे आणि मगच माणूस उतरवायचा. लहानपणी अण्णांचा हात धरून मी ते पाहिले आहे. नव्या पिढीला ‘पेव फुटले’ हा वाक्प्रचार ठाऊक असतो, पेव ठाऊक नसते.

२००५ च्या महापुरात यातील कितीतरी पेवांत पाणी शिरले. त्यांत आमचेही एक होते. त्या हंगामाची सगळी शिल्लक त्यात होती. देणी फेडताना विश्रामबागेतला प्लॉट गेला. त्यानंतर वीस वर्षांत अण्णांनी हरिपूरचे नाव काढले नाही.

आता तिथे जमीन जागोजागी खचलेली दिसली. कुठे ऊस उभा होता, कुठे घराचा पाया घातलेला होता. आमची जागा मला ओळखता आली नाही. संध्याकाळी अण्णांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

‘‘हरिपूर,’’ मी म्हणालो. ‘‘पण आपले पेव सापडले नाही.’’

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, ‘‘चिंचेपासून तिसरे. तुला नाही सापडायचे.’’

चौथ्या रविवारी दुपारी त्यांना गाडीतून नेले. चिंच उरलेली नव्हती, तरी काठी टेकीत ते एका उंचवट्यापाशी नेमके जाऊन थांबले. काठीने माती उकरली. पेव भरणाऱ्या जुन्या हमालाचा मुलगा शेजारीच राहत होता. त्याने अण्णांना ओळखले, खुर्ची आणून दिली. ‘‘वडील होते तोवर तुमची आठवण काढायचे, अण्णा,’’ तो म्हणाला.

तो आत गेल्यावर अण्णा माझ्याकडे न पाहता बोलू लागले. ‘‘पाणी चढायच्या दोन दिवस आधी ह्याचा बाप दुकानात आला होता. पेव उघडून माल काढू का, म्हणाला. मी म्हटले, सोमवारी बघू. दर चढेल असे वाटत होते.’’

हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी म्हणालो, ‘‘पण अण्णा, तसल्या पावसात पेव कोण उघडतो? माल तिथेच भिजला असता.’’

‘‘वीस वर्षे मी स्वतःला तेच सांगतो आहे.’’

काय बोलावे ते मला सुचले नाही. वीस वर्षे मनात मी पुराला दोष देत होतो आणि खरे सांगायचे तर त्या प्लॉटसाठी थोडा अण्णांनाही. ते कशासाठी गप्प आहेत, हे मात्र कधी विचारले नव्हते.

तो मुलगा पेरू घेऊन आला. अण्णांनी त्याच्या बापाचे शेवटचे आजारपण सविस्तर विचारले, मुलांची शिक्षणे विचारली आणि नवी हळद आली की दुकानात ये, असे बजावले. परतताना बागेतल्या गणपतीपाशी त्यांनी गाडी थांबवायला सांगितली.

‘‘इथून तू रोज धावतोस ना? मी चालतो थोडे.’’

उन्हे कलली होती. घरून सौभाग्यवतींचा दोनदा फोन आला, जेवणाची वेळ टळेल म्हणून. मी मुलाला गाडी हळूहळू मागून आणायला सांगितले आणि अण्णांच्या काठीच्या चालीने एक एक खांब मोजीत निघालो.