जास्वंद गेली नाही

नौपाड्यातली आमची माहेरची इमारत पुनर्विकासात पाडली, तेव्हा आवारातली लाल जास्वंदही गेली, असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. तिची एक फांदी माझ्याबरोबर डोंबिवलीला आली होती, तिची फांदी पुढे कल्याणला पारनाक्यावर बहिणीकडे गेली. दोन्हीकडे ती फुलते आहे.

बागेतली ही जास्वंद रानात कुठे आढळत नाही. आपल्याकडे बीही सहसा धरत नाही. शतकानुशतकं ती माणसांच्या हातूनच या अंगणातून त्या अंगणात गेली. बी रुजतं तेव्हा नवं झाड जन्मतं. फांदी लागते तेव्हा जुनंच झाड पुढे जगतं. माझ्या ग्रिलमधली जास्वंद त्या झाडाची लेक नाही, ती तीच आहे.

फांदी लावावी पावसाळ्यात. पेन्सिलीच्या जाडीची, तीन-चार पेरांची. खालचा काप पेराच्या लगेच खाली, तिरका. वर दोनच पानं. मग सल्ले सुरू होतात. तळमजल्यावरच्या काकू काप मधात बुडवतात, वहिनी दालचिनीची पूड लावते, कुणी कोरफडीचा गर. मध-दालचिनी बुरशीला आवर घालतात, गर ओल धरतो, राखण झाली. मूळ काढायचं ते फांदीनंच. शेंड्याकडून, कोवळ्या पानांकडून ऑक्सिन हे संप्रेरक खाली उतरतं, कापाशी वाट संपते म्हणून तिथे साठतं आणि तिथल्या पेशी मुळं धरू लागतात. उलटी खोचलेली फांदी सहसा लागत नाही ती यामुळेच. 1930च्या दशकात हे संप्रेरक ओळखलं गेलं. आता नर्सरीत तसल्याच रसायनाची पुडी मिळते. तुळस, पुदिना, पानओव्याला तीही नको, ओट्यावरचा पाण्याचा ग्लास पुरतो. जास्वंदीला मात्र आषाढातली खाडीवरची दमट हवा मानवते; मुळं नसलेल्या फांदीला ती सुकू देत नाही.

पालवी फुटली म्हणून लगेच हुरळून जाऊ नये. ती जुन्या शिदोरीवरही फुटते. हलकेच ओढून पाहावं. फांदीनं माती धरून ठेवली, तर लागली.

फांदी देणाऱ्याला वाटतं, आपण दान केलं. खरं तर त्यानं आपलं झाड दुसऱ्याच्या दारी सांभाळायला ठेवलेलं असतं. आमच्या इमारतीच्याही बैठका आता सुरू झाल्यात. म्हणून कुणी एक फांदी मागितली, की मी दोन देते.